पेशीवरचे कुलूप

उंदीर हा काही शेतकऱ्याचा मित्र नव्हे. ज्वारीच्या पोत्याला भोक पाडणारा, सरकी कुरतडणारा, धुऱ्यावर बिळे करून बसणारा हा प्राणी. त्याच्याविषयी कोणी चांगला शब्द काढला तर आपल्याला नवल वाटेल. आज मात्र मी त्याच्याविषयीच बोलणार आहे. आणि तेही त्याच्या अंगातल्या एका अगदी लहान वस्तूविषयी. ही वस्तू म्हणजे त्याच्या रक्तातल्या पहारेकरी पेशींच्या अंगावर असलेले एक प्रथिन. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून पाहिले तरी ते दिसायचे नाही. हे प्रथिन आता प्रयोगशाळेत तयार करतात, आणि चिमटीतही येणार नाही इतके थोडे थोडे कुपीत भरून ठेवतात. कुपीवर लिहिलेले असते, ‘केवळ संशोधनासाठी, माणसांवर वापरू नये.’ असे असूनही त्या कुपीचा आणि आपल्या गावच्या पानठेल्याचा संबंध आहे. तो कसा, हे आज सांगायचे आहे.

मी विज्ञानाचा माणूस नव्हे. कला शाखेत शिकवतो. मग या भानगडीत कसा पडलो? त्याचे असे झाले. दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातला एक विद्यार्थी तास संपल्यावर थांबला. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत वडिलांचे दवाखान्याचे कागद. वडील चार एकर कोरडवाहूचे धनी. दिवसाकाठी सात-आठ खर्रे व्हायचे. गालाच्या आत एक फोड आला, तो बरा होईना. ‘दात लागला असेल’ म्हणून हळद, मध, तुरटी यांत आठ महिने गेले. मग निदान झाले, शस्त्रक्रिया झाली, शेक झाले. पण आजार उलटला. शेवटच्या कागदावर डॉक्टरांनी एका औषधाचे नाव लिहिले होते आणि बाजूला पेन्सिलीने रकमेचा आकडा. मुलगा म्हणाला, “सर, हे औषध म्हंजे असते तरी काय? अन् एवढं महाग कायले असते?”

मला उत्तर देता आले नाही. शिक्षकाला उत्तर देता आले नाही की त्याची रुखरुख लागून राहते. मग वाचले, जाणकारांना विचारले. त्यातून जे उमगले तेच आज आपल्यापुढे ठेवतो आहे.

सुरुवात आपल्या ओळखीच्या शेतापासून करू. २००२ साली आपल्या देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. ‘बीटी’ हे मातीतल्या एका जिवाणूचे नाव. या जिवाणूच्या अंगात एक प्रथिन तयार होते, ते बोंडअळीला मारक असते. ते प्रथिन कसे बनवायचे याची कृती जिवाणूच्या जनुकात लिहिलेली असते. शास्त्रज्ञांनी तेवढी कृती उचलली आणि कपाशीच्या बियाण्यात नेऊन घातली. मग पऱ्हाटी स्वतःच ते प्रथिन बनवू लागली. एका जीवाच्या अंगची कृती दुसऱ्या जीवाकडून करवून घ्यायची, याला पुनर्संयोजन म्हणतात. शब्द जड आहे. पण त्याची करणी आपल्या शेतात वीस वर्षांहून अधिक काळ उभी आहे. मधुमेहाच्या माणसाला जे इन्सुलिन टोचतात तेही १९८२ पासून याच रीतीने बनलेले मिळू लागले. त्यात कृती माणसाची आणि राबणारा जिवाणू. आपल्या बाळांना काविळीची जी लस देतात, त्या ‘ब’ प्रकारच्या काविळीच्या लशीतले प्रथिनही असेच बनवून घेतलेले असते.

आता दुसरा मुद्दा. बीटीचे प्रथिन अळीला मारते आणि सरकीची पेंड खाणाऱ्या बैलाला काही करीत नाही, असे का? अळीच्या आतड्याच्या भिंतीवर काही खास प्रथिने असतात. बीटीचे प्रथिन त्यांना जाऊन चिकटते, मग भिंतीला भोके पडतात आणि अळी मरते. बैलाच्या आतड्यात ती प्रथिने त्या घडणीची नसतात. पेशीच्या अंगावरचे हे जे प्रथिन बाहेरून आलेल्या वस्तूला धरते, त्याला ‘ग्राही’ म्हणतात. ग्राही म्हणजे कुलूप समजा, आणि बाहेरून येणारी वस्तू म्हणजे किल्ली. किल्ली बसली तर काम होते, नाही बसली तर नाही.

कुलूप बदलले म्हणजे काय होते, तेही आपण पाहिले आहे. गुलाबी बोंडअळीने आपले कुलूप बदलले. भारतातल्या शेतांतून गोळा केलेल्या गुलाबी अळ्यांच्या आतड्यातल्या एका ग्राहीत बिघाड झालेला शास्त्रज्ञांना आढळला. पहिल्या बीटी प्रथिनाची किल्ली त्या बिघडलेल्या कुलपात बसेना. २००६ साली दोन किल्ल्यांचे बियाणे आले. पण काही वर्षांत अळी त्यालाही पुरून उरली. २०१७ च्या हंगामात डोमकळ्या आणि किडकी बोंडे पाहून आपल्यापैकी किती जणांनी कपाळावर हात मारला, हे मी वेगळे सांगायला नको. पेशीवरचे एक कुलूप बदलले आणि घरात येणारा कापूस निम्म्यावर आला. कुलूप लहान म्हणून त्याचा प्रताप लहान नसतो.

आता शेतातून माणसाच्या शरीरात येऊ. आपल्या रक्तात पहारेकरी पेशी असतात. त्यांतल्या एका जातीला ‘टी’ पेशी म्हणतात. छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी आहे, तीत या पेशी तयार होतात. तिला या पेशींची शाळाच म्हणा ना. आपले कोण आणि परके कोण, हे तिथे त्या शिकतात. या ग्रंथीचे महत्त्वही पहिल्यांदा १९६१ साली उंदरातच उघडकीस आले. शिकून बाहेर पडलेली टी पेशी रक्तातून गस्त घालते, रोगाने पछाडलेली पेशी दिसली की तिला मारते. कर्करोगाची पेशीही ती मारू शकते. मग कर्करोग वाढतो कसा? या प्रश्नाची एक कड जपानमध्ये क्योतो येथे सापडली, आणि ती सापडली उंदराच्या पेशींत.

१९९२ साली क्योतो विद्यापीठात तासुकु होंजो आणि त्यांचे विद्यार्थी यासुमासा इशिदा एका वेगळ्याच शोधात होते. पेशी ठरल्या वेळी आपणहून मरतात. त्या मरणाची कृती कोणत्या जनुकात आहे, ते त्यांना हवे होते. उंदराच्या पेशी मरणपंथाला लावून त्यांनी एक जनुक वेचून काढले आणि त्याला ‘नेमलेले मरण’ अशा अर्थाचे नाव दिले. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला पीडी-वन म्हणतात. पुढे ध्यानात आले की मरणाशी त्याचा तसा संबंध नाही. पण नाव पडले ते पडले. आपल्याकडेही एखाद्याचे नाव दगडू पडते आणि माणूस लोण्यासारखा मऊ निघतो!

मग ते करते तरी काय? हे कळण्यासाठी त्या शास्त्रज्ञांनी ते जनुकच नसलेले उंदीर तयार केले. १९९९ साली त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. हे उंदीर लहानपणी ठीक असत. वय वाढले तसे त्यांचे सांधे सुजू लागले, मूत्रपिंडे बिघडू लागली. त्यांचे पहारेकरी घरच्याच माणसांवर काठ्या घेऊन धावले होते. तेव्हा उलगडा झाला. पीडी-वन हे टी पेशीच्या अंगावरचे कुलूप आहे. त्यात किल्ली फिरली की पेशी थांबते. उधळलेल्या बैलाचा कासरा ओढावा तसे ते काम आहे. हा कासरा नसला तर शरीर स्वतःचाच घात करील. म्हणजे कुलूप वाईट नाही, गरजेचेच आहे.

२००० साली या कुलपाची किल्ली सापडली. शरीरातल्या चांगल्या पेशी ती आपल्या अंगावर बाळगतात आणि पहारेकऱ्याला सांगतात, ‘बाबा रे, मी घरचाच आहे, थांब.’ कर्करोगाची पेशी लबाड. तीही हीच किल्ली तयार करते, टी पेशीच्या कुलपात फिरवते, आणि मारायला आलेला पहारेकरी तिच्यापुढे उभाच राहतो. पहारेकरी दुबळा नसतो, चोराने त्याचा कासरा धरून ठेवलेला असतो. २००२ साली होंजो यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांत दाखवून दिले की ही किल्ली अडवली तर गाठीची वाढ रोखता येते. या कामासाठी २०१८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक होंजो यांना मिळाले. अशाच दुसऱ्या एका कुलपावर काम करणारे अमेरिकेचे जेम्स ॲलिसन त्यात वाटेकरी होते.

आता सुरुवातीला सांगितलेल्या कुपीकडे वळू. एखादी किल्ली कुलपात बसते की नाही, किंवा एखादे औषध ती अडवते की नाही, हे तपासायचे तर हातात कुलूप हवे. प्रत्येक वेळी उंदराच्या रक्तातून ते वेचत बसणे शक्य नाही. मग कपाशीच्या बाबतीत केले तेच इथे करतात. उंदराच्या पीडी-वन जनुकातला, पेशीबाहेर डोकावणाऱ्या भागाचा तेवढा मजकूर घ्यायचा, आणि काचेच्या भांड्यात वाढणाऱ्या पेशींत घालायचा. या पेशी बहुधा चिनी हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या किंवा माणसाच्या पेशींच्या वंशातल्या असतात. त्या भांड्यातल्या पोषक द्रवावर जगतात आणि ते प्रथिन बनवून द्रवात सोडतात. प्रथिनाला आधीच एक शेपूट जोडलेले असते. द्रव एका नळीतून गाळताना ते शेपूट नळीतल्या मण्यांना धरून राहते, बाकीचे सारे वाहून जाते. मग प्रथिन सोडवून घेतात, गोठवून सुकवतात, कुपीत भरतात आणि थंडीत ठेवतात. हेच ते पुनर्संयोजित प्रथिन. जनावराला हात न लावता पुष्कळशी पहिली तपासणी त्याच्यावर करता येते. छोट्या छोट्या वाट्यांच्या तळाशी ते लावायचे, वरून औषध घालायचे, धुवायचे, मग रंग उमटवणारा पदार्थ टाकायचा. रंग आला तर औषध कुलपाला धरून बसले, नाही आला तर वाहून गेले.

“पण सर, माणसाचंच कुलूप का घेत नाही? उंदराचं कशाला?” असा प्रश्न वर्गात आला असता, तर मी त्या मुलाला शाबासकी दिली असती. दोन्ही घेतात. माणसाच्या आणि उंदराच्या पीडी-वनमध्ये प्रत्येकी २८८ दुवे आहेत, माळेतल्या मण्यांसारखे. त्यांतले शेकडा ६० च्या आसपास सारखे आहेत, बाकीचे वेगळे. त्यामुळे माणसाच्या कुलपावर बसणारे औषध उंदराच्या कुलपावर बसेलच असे नाही; निवोल्युमॅब नावाचे या जातीचे प्रमुख औषध उंदराच्या कुलपावर बसतच नाही. आणि औषधाने गाठ कमी होते का, शरीराच्या दुसऱ्या भागांना अपाय होतो का, हे एकट्या प्रथिनावरून कळत नाही. त्याला जिवंत शरीर लागते. ते आधी उंदराचे घेतात. म्हणून उंदरासाठी वेगळे औषध, आणि ते पारखायला उंदराचेच कुलूप लागते. कुपीवर ‘उंदराचे’ असे ठळक लिहिलेले असते ते यासाठी. वाण ओळखल्याशिवाय बियाणे पेरू नये, तसेच हे.

आणि उंदीरच का, तर मादी तीन आठवड्यांत विते, पिल्ले दीड-दोन महिन्यांत जाणती होतात, आणि वीस पिढ्या भावंडांचे मीलन करून त्यांचे इतके शुद्ध वाण तयार झाले आहेत की एका वाणाचे सारे उंदीर जणू एकाच बियाण्याचे. मग औषधाचा परिणाम कोणता आणि जातीचा फरक कोणता, हे वेगळे करता येते. मुका प्राणी आपल्यासाठी सोसतो, हे मात्र विसरू नये. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली अशा प्रयोगांवर आपल्या देशात देखरेख असते, ती योग्यच आहे.

श्रोतेहो, हे सारे जपान-अमेरिकेतच झाले असे समजू नका. मुंबईत १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले. त्याची धुरा डॉक्टर वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध त्यांनी त्या काळी अभ्यासला. त्यांच्या सहकारी होत्या डॉक्टर कमल रणदिवे. जन्म १९१७ चा, पुण्याचा. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. कमलाबाईंनी त्या केंद्रात ऊती-संवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. ऊती-संवर्धन म्हणजे पेशी काचेच्या भांड्यात जगवणे, वाढवणे. आत्ता मी ज्या भांड्यांविषयी बोललो, त्यांचीच ही विद्या. कर्करोगाच्या अभ्यासासाठी त्या उंदरांच्या वेगवेगळ्या वाणांवर काम करीत. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. एका शिक्षकाची मुलगी पेशी आणि उंदीर यांच्या मागे आयुष्य लावते, आणि त्या विद्येवर पुढच्या पिढ्यांचे काम उभे राहते, हे शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी वर्गात जरूर सांगावे.

आता त्या मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो : ‘एवढं महाग कायले?’ कुलपाच्या भोकात बूच घालून ठेवणारे, म्हणजे चोराची किल्ली आत शिरू न देणारे औषध, ते हे निवोल्युमॅब. २०१४ साली जपानमध्ये त्वचेच्या एका कर्करोगासाठी त्याला पहिली परवानगी मिळाली. २०१६ साली डोक्या-मानेच्या, म्हणजे तोंड-घशाच्या कर्करोगावरही ते अमेरिकेत मान्य झाले. ठरलेली मात्रा म्हणजे दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम. खर्च इतका, की गरीब आणि मध्यम देशांत हे उपचार शेकडा एक ते तीन रोग्यांनाच परवडतात. बाकीचे सत्त्याण्णव जण आपल्यासारखे.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉक्टरांनी इथे एक साधा पण धाडसाचा प्रश्न विचारला : एवढी मात्रा खरोखर लागते का? त्या प्रश्नाला आधार होता तो या कुलपाचाच. औषध माणसांना प्रथम दिले गेले त्या ३९ रोग्यांच्या अभ्यासाचा वृत्तांत २०१० साली आला. त्यात दिसले होते की मात्रा लहान असो वा मोठी, रक्तातल्या टी पेशींवरची शेकडा ७० हून अधिक कुलपे दोन महिने किंवा त्याहूनही जास्त काळ औषधाने भरलेली राहतात.

शिक्षकांनी हे वर्गात करून दाखवावे. टेबलावर दहा रिकाम्या बाटल्या ठेवा आणि मुलांपुढे शंभर बुचे ओता. दहा बुचे लागली की बाटल्या बंद. उरलेली नव्वद बुचे टेबलावर पडून राहतात. पण पैसे मात्र शंभर बुचांचे मोजावे लागतात. शरीर बाटली नव्हे, आणि गणित इतके सरळ नसते, हेही मुलांना सांगा. पण विचाराची दिशा हीच.

टाटाच्या डॉक्टरांनी १५१ रोग्यांचा अभ्यास केला. आजार बरा होण्याच्या पलीकडे गेलेले हे तोंड-घशाच्या कर्करोगाचे रोगी. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. दोन्ही गटांना तीन स्वस्त-सोप्या औषधांचा उपचार दिला. एका गटाला त्याखेरीज निवोल्युमॅब दिले, पण दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम. सहा आठवड्यांचा हिशेब मांडा : ठरलेल्या मात्रेने ७२० मिलिग्रॅम, यांच्या मात्रेने ४०. म्हणजे अठरावा हिस्सा. निकाल २०२२ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर ज्यांना हे औषध मिळाले नव्हते त्यांच्यात शेकडा १६ जिवंत होते, ज्यांना थोडेसे मिळाले त्यांच्यात शेकडा ४३.

या आकड्यांकडे नीट पाहा. हा विजय आहे, पण पुरता नव्हे. शंभरातले सत्तावन्न वर्षभरात गेलेच. थोडी मात्रा मोठ्या मात्रेइतकीच चांगली, असेही या अभ्यासाने सिद्ध केले नाही, कारण तुलना मोठ्या मात्रेशी नव्हती. आणि कासरा सैल सोडला की उंदरांत जे झाले ते माणसांतही होऊ शकते. फुप्फुस, आतडे, थायरॉइड यांना सूज येऊ शकते. म्हणून हे औषध कोणाच्या सांगीवांगीवरून नव्हे, तर कर्करोगाच्या तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच घ्यायचे. पण ज्याच्यापुढे दारच बंद होते, त्याच्यासाठी ते किलकिले झाले, एवढे खरे. आणि ते उघडले ते कुलूप नीट समजून घेतल्यामुळे. उंदराच्या प्रथिनाची कुपी आपल्या उपयोगाची नाही असे वाटते. पण तिच्यासारख्या कुप्यांतून जे ज्ञान निघते, त्याने गरिबाच्या औषधाचा आकडा खाली येऊ शकतो.

तो विद्यार्थी पुन्हा भेटला तेव्हा मी त्याला हे सारे सांगितले. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, “सर, बाबा गेले. पण आता समजलं, ते कशानं गेले.” मी काय बोलणार? तो पुढे म्हणाला, “आठ महिने पहिले गेलो असतो त?” याचे उत्तर मात्र मला येत होते, पण ते मी त्याला दिले नाही. ते आपल्याला देतो.

तोंडाचा कर्करोग लवकर सापडला तर पुष्कळदा नुसत्या शस्त्रक्रियेने बरा होतो. तिथे ना निवोल्युमॅब लागत, ना कुलूप, ना किल्ली. तेव्हा आरसा घ्या आणि उजेडात तोंड उघडा. गालाच्या आत, जिभेच्या कडेला, हिरडीवर पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? दोन-तीन आठवड्यांत न भरलेला फोड आहे का? आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का? तोंड उघडेनासे होणे ही सुपारीची करणी. लोक म्हणतात, तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी खातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे. खर्ऱ्यात तर तंबाखू, सुपारी आणि चुना पन्नीत एकत्र घोटलेले असतात. यांपैकी एकही खूण दिसली तर हळद-मधावर दिवस काढू नका. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा, तिथून यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरची शस्त्रक्रिया आणि उपचार येतात, हेही विचारून घ्या.

शिक्षकांना एक विनंती. २००३ च्या कायद्याने शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूचे पदार्थ विकायला मनाई आहे. एके दिवशी भूगोलाच्या तासाला मुलांच्या हाती दोरी द्या आणि शाळेच्या कुंपणापासून पानठेल्यापर्यंतचे अंतर मोजायला सांगा. मोजमापही शिकवून होईल, आणि गावालाही काही कळेल. दोरी घेऊन निघालेल्या पोरांना पाहून ठेलेवाल्याचा आणि ठेल्यावर उभ्या असलेल्या त्यांच्या बापाचा चेहरा कसा होतो, ते मुलेच तुम्हांला येऊन सांगतील.

प्रयोगशाळेतला माणूस एका कुलपासाठी तीस-तीस वर्षे घालवतो. आपल्याला तेवढे करायचे नाही. खर्ऱ्याची पन्नी खिशात घालण्याऐवजी फेकून द्यायची, आणि आठवड्यातून एकदा आरशापुढे तोंड उघडायचे, एवढेच आपल्या हाती आहे. ते आज संध्याकाळपासून करावे, इतके सांगून मी आपली रजा घेतो.